तीन नंबरची खोली

नाही हो मावशी, तिकडे कुठे निघालात — बसा आधी, खुर्ची आहे ना, तिचा एक पाय डुगडुगतो पण बसवतं. बेणं काय पळून जातंय? चाळीस घरांचं बटाट्याचं बेणं, तीन नंबरच्या खोलीत थप्पीला थप्पी लावून मी स्वतः उभं राहून रचून घेतलंय. अठरा वर्षं हे कोल्ड स्टोरेज सांभाळतोय, कुणाचं पोतं कुठे आहे ते झोपेत सांगेन. आणि लावणीला अजून आठ दिवस आहेत ना? मग आत्तापासून घरी नेऊन उकाड्यात कशाला टाकता? चहा सांगतो. नको? बरं, नको. माझेही सकाळपासून तीन कप झालेत, बसवत नाही एका जागी — एक मिनिट हं. मशीनचा आवाज बदलला का? नाही. उगाच वाटतं. गेल्या आठवड्यापासून हे असंच चाललंय, कान सारखा तिकडेच.

तुम्हाला हे मशीन कधी कुणी समजावून सांगितलंय? नाही ना. लोकांना वाटतं हे थंडी बनवतं. थंडी कुणालाच बनवता येत नाही, मावशी — हे फक्त आतली उष्णता उचलतं आणि बाहेर नेऊन टाकतं, आणि टाकायला पाणी लागतं. मागे त्या नळ्या आहेत ना, त्यांच्यावर सारखं पाणी पडत राहायला हवं, नाहीतर मशीन तापून बंद. म्हणजे बटाट्याला पाणी फक्त शेतातच लागतं असं नाही, इथेही लागतं. आणि पाणी वर चढवायला वीज, आणि वीज येते धरणातून, आणि धरणाचा तळ दिसायला लागलेला. झालं. वीज गेली, तिच्यामागे नळाचे पंप बसले, घराघरांतले नळ कोरडे. माझ्याकडे जनरेटर होता, बोअरवेल होती, पण तिची धार ही एवढी, करंगळीएवढी. मागची टाकी दिवसातून एकदा भरायची, बास.

मालकांनी फोनवर बजावलं होतं, टाकीतला थेंब बाहेर जाता कामा नये. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर फाटकाबाहेर रांग. सगळ्यात पुढे ती कोपऱ्यावरची शिलाईवाली, कडेवर पोर, पोराचे ओठ फुटलेले. आता काय करायचं? तुम्ही काय केलं असतं? मी तोटी उघडली. चार दिवस, मावशी, माणशी दोन बादल्या. तुम्हीही होतात की — माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, भलं होईल तुझं, बाळा. बाळा, आणि माझी पन्नाशी उलटलेली. घरी बायकोनेही त्या दिवशी न कुरकुरता वाढलं. आपण माणूस बरा आहोत, असं तेव्हा माझं मलाच वाटत होतं.

काय म्हणालात? — हो, म्हणजे, टाकीतलं पाणी तिकडे गेलं तर नळ्यांवर कमी पडणारच ना. तिन्ही खोल्या गार ठेवण्याइतकं उरलं नाही. दोन चालल्या. तिसरी... वहीत चार अंश लिहिलंय, दर दोन तासांनी चार, बघा हवं तर. नको, वही नका बघू. काटा विसावर असायचा, पंचविसावर, एकदा तर तिसावर, बंद खोलीत नुसती दमट वाफ, आणि हात आपला चारच लिहायचा. इतकी वर्षं तेच लिहिल्यावर हाताला दुसरा आकडा येतच नाही — असं मी स्वतःला सांगतो. परवा वीज आली, आता सगळं सुरू आहे, आता खरंच चार आहे आत. पण काल एक पोतं उघडलं. वरचे ठीक आहेत, कोंब आलेत, ते चालतं, लावता येतात. खाली हात घातला तर बोट बटाट्यात गेलं. अशी किती पोती आहेत ते बघितलं नाही. धीरच झाला नाही.

असं बघू नका माझ्याकडे. ज्यांना पाणी दिलं त्यांचंच बेणं, परक्याचं तर काही गेलं नाही ना? तुमचंच तुम्हाला... हो, विचारायला हवं होतं. तेवढंच म्हणताय ना, एकदा विचारायचं होतंस. चाळीसच्या चाळीस घरं समोर उभी होती, मावशी, याहून सोपं काय असतं — पाणी हवं की बेणं? आणि तुम्ही सांगितलंही असतंत, आधी पोरांना पाणी दे, मग बघू. मला माहीत आहे ते. पण मग तुमच्यातल्या कुणीतरी पुढचं विचारलं असतं — ज्या दोन खोल्या चालू आहेत, त्यांत काय आहे? आणि मला सांगावं लागलं असतं, दोन नंबरला व्यापाऱ्याची सफरचंदं आणि एक नंबरला मालकांचं लोणी. लोणी, मावशी. ते वितळलं असतं तर कुणी उपाशी राहिलं नसतं. माझी नोकरी गेली असती. मला पाणीही वाटायचं होतं, नोकरीही टिकवायची होती, आणि डोक्यावर तुमचा हातही हवा होता. मग बंद कुणाची खोली करणार? जे फोन करून ओरडणार नाहीत, त्यांची.

रडू नका — नाही, तुम्ही कुठे रडताय, मीच. ही किल्ली. डावीकडे शेवटचं दार. घरोघरी निरोप द्या, माणसं आणा, चांगलं बेणं आजच वेगळं काढा, उद्यापर्यंत सड वर चढेल. मी? मी नाही येणार आत. तुम्ही पोती सोडताना मला नाही उभं राहवणार तिथे. जा ना मावशी. जा म्हणतोय ना.