मेजरच्या पुस्तकातली राहिलेली ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे कार्यालयप्रमुख आदरणीय वैजनाथ साहेब, श्रीगोंदा तालुक्यातून खास वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे सरपंच मच्छिंद्रभाऊ, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, समोर बसलेले माजी सैनिक बंधू, वीरमाता, वीरपत्नी, माझे सहकारी, आणि चहा येईपर्यंत निघायचं नाही असा निर्धार करून मागच्या रांगेत बसलेली मित्रमंडळी, या जयमालाचा आपणां सर्वांना मनापासून नमस्कार.

माझ्याआधी सहा जण बोलले. जयमालाबाई शांत आहेत, मनमिळाऊ आहेत, त्यांचा आवाज कधी चढला नाही, असं सहाही जणांनी सांगितलं. सव्वीस वर्षं या सैनिक कल्याण कार्यालयात नोकरी केली, पण ही बातमी मला आज पहिल्यांदाच कळते आहे. माझे यजमान पहिल्या रांगेत बसलेत. त्यांचा चेहरा बघा, म्हणजे खरं काय ते कळेल.

असो. मला दहा मिनिटं दिली आहेत. आत्ता पाच वाजून वीस मिनिटं झाली. बाहेर जाणारी पत्रं नोंदवायची आपल्या कार्यालयाची जावक वही सहा वाजता बंद होते. हे निरोपाच्या भाषणात मधेच कुठून आलं, असं वाटेल. थोडं थांबा.

निवृत्तीच्या आधी सरकारी नोकराचं सेवापुस्तक तपासतात, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. माझंही गेल्या महिन्यात तपासलं. त्यात दोन हजार चार सालचं एक प्रशिक्षण नोंदवायचं राहून गेलं होतं. ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं, मलाच आठवलं. सोमवारी अर्ज दिला आणि बुधवारी नोंद झाली. तीन दिवसांत. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी मात्र त्या रात्री जेवले नाही. का? तर ज्या कार्यालयात माझी नोंद तीन दिवसांत झाली, त्याच कार्यालयातल्या एका टेबलावर एका माणसाची एक ओळ अकरा वर्षं पडून आहे. ते टेबल माझंच आहे.

तो माणूस इथे बसला आहे. तिसऱ्या रांगेत, पांढरी टोपी, शेजारी पुष्पावतीवहिनी. मेजर, उठू नका, बसा. गावात त्यांना सगळे मेजर म्हणतात. आपल्याकडे पलटणीतून आलेल्या प्रत्येकाला गाव मेजर करून टाकतं, त्याला दिल्लीची मंजुरी लागत नाही. कागदावर ते नाईक हनुमंत, मोटार चालक, सेवा अठरा वर्षं.

अठ्ठ्याऐंशी साली आपली शांतिसेना श्रीलंकेत होती. तिथे चालक कमी पडले, म्हणून मेजरना त्यांच्या युनिटमधून उचलून दुसऱ्या युनिटला जोडलं. फौजेत त्याला अटॅचमेंट म्हणतात. माणूस जातो, पण त्याचं नाव मूळ युनिटच्या हजेरीवरच राहतं. मेजर चौदा महिने लंकेत तीनटनी गाडी चालवत होते, आणि त्यांचं नाव मध्य प्रदेशातल्या एका छावणीत हजर होतं. पुढे ते सेवेतून बाहेर पडले, तेव्हा हाती डिस्चार्ज बुक पडलं. फौजीच्या सगळ्या नोकरीचा पुरावा म्हणजे ते छोटं पुस्तक. त्यात रकाना होता, ‘परदेशातील सेवा’. आणि पुढे एकच शब्द, ‘निरंक’, म्हणजे काही नाही.

मेजरनी वीस वर्षं तो शब्द वाचलाच नाही. कशाला वाचतील? आपण कुठे होतो ते माणसाला ठाऊक असतं. पण दोन हजार चौदा साली त्यांच्या गावाने शाळेच्या फाटकाशी गावातल्या सैनिकांच्या नावांचा दगड बसवायचं ठरवलं. युद्धात आणि परदेशात सेवा केलेल्यांची नावं वर, बाकीच्यांची खाली. आधीच्या एका कमानीवर भलत्याच माणसाचं नाव लागलं होतं आणि त्यावरून गावात जुंपली होती. म्हणून ग्रामसभेने ठराव केला, डिस्चार्ज बुक बघितल्याशिवाय वरच्या भागात नाव नाही. ठराव चुकीचा नव्हता, मच्छिंद्रभाऊ, मी तसं म्हणत नाही. मेजरचं पुस्तक ग्रामसभेत उघडलं आणि ‘निरंक’ हा शब्द भर सभेत मोठ्याने वाचला गेला.

मग काय! आपली माणसं गप्प बसतात का? पारावर सुरू झालं, “हनुमंत लंकेला गेलाच न्हाई म्हनं, सरकारचं पत्र हाय!” हसण्यावारी होतं, मान्य. पण अकरा वर्षं रोज हसले. मेजर दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलासमोर आले आणि म्हणाले, “बाई, मला पैका नगं, पेन्शन हाय. तेवढी एक वळ दुरुस्त करा. दगडावर जागा मोकळी ठिवलीय त्यांनी.”

मी अर्ज लिहून दिला. फौजेच्या अभिलेख कार्यालयाचं उत्तर आठ महिन्यांनी आलं, पुरावा जोडा. मेजरनी लंकेतून घरी पाठवलेली एकवीस पत्रं आणली. वहिनींनी ती लुगड्याच्या घडीत जपलेली. पण फौजेच्या टपालावर ठिकाण नसतंच हो! सगळ्यांचा पत्ता छप्पन्न ए.पी.ओ. लडाखहून लिहा, लंकेहून लिहा, छापा एकच. शत्रूला कळू नये म्हणून ही सोय. शत्रूला कळलं की नाही ठाऊक नाही, आपल्याच कार्यालयाला कळलं नाही एवढं खरं.

मग सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं पाठवली. उत्तर आलं, अधिकाऱ्याचं हवं. अधिकारी शोधले, तर ते वारलेले. मग साहेब बदलले, कारकून बदलले, फाईल हरवली, सापडली, पुन्हा पहिल्यापासून. आता तर आपल्या जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं! पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पत्राचे कागद नवे छापून आले. मेजरची ओळ काही बदलली नाही.

दोन वर्षांपूर्वी पुष्पावतीवहिनी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर आल्या. मी नेहमीचं विचारत होते, आणखी काही कागद? कुठे तुमचं नाव लागलेलं? मेजर नाही नाही म्हणत होते. वहिनी एकदम म्हणाल्या, “आरसा फोडल्याचं सांगा की त्यान्ला!”

मेजर लाल झाले. “गप ए. त्ये काय सांगायचं आसतंय व्हय?”

“मग मरंस्तवर दडवून ठिवा!”

झालं होतं असं, की लंकेत वावुनियाला एका अरुंद रस्त्यावर गाडी मागे घेताना मेजरनी उजवीकडचा आरसा नारळाच्या झाडाला घासून फोडला. चौकशी झाली, कडक ताकीद मिळाली. अठरा वर्षांच्या नोकरीतली ती एकच शिक्षा. मेजरना तिची एवढी लाज, की नऊ वर्षं त्यांनी माझ्यासमोर तिचा उच्चार केला नाही. मी त्यांच्या वर्तणूक पत्रकाची नक्कल मागवली. आली. त्यात स्वच्छ अक्षरात होतं, निष्काळजीपणे वाहन चालविणे, तारीख, आणि पुढे ठिकाण, वावुनिया, श्रीलंका.

मंडळी, आता मला सांगा, चौदा महिने त्या माणसाने जीव मुठीत धरून गाडी चालवली, त्याची नोंद करायला कुणाला वेळ मिळाला नाही. आरसा फुटला, त्याची नोंद मात्र त्याच आठवड्यात! याला काय म्हणायचं? मला संताप आला होता, आजही येतो आहे. तो लपवून ‘हसतमुख’ म्हणवून घ्यायची माझी इच्छा नाही.

पण काम झालं. गेल्या वर्षी दुरुस्ती मंजूर झाल्याचं पत्र आलं. मी टेबलावरून उठून पेढे आणायला गेले. पत्रात शेवटी लिहिलं होतं, मूळ पुस्तिका नोंदीसाठी पाठवावी. मेजरचे चिरंजीव सुनील दुसऱ्याच दिवशी पुस्तिका घेऊन आले. मी पिशवीतून ती बाहेर काढली.

लॅमिनेशन. सुनीलने पुस्तकाच्या पिना काढून पान न् पान लॅमिनेट करून घेतलं होतं. वरून स्पायरल. कव्हर सोनेरी.

मी विचारलं, “सुनील, हे कुणी सांगितलं रे तुला?” तो म्हणाला, “म्याडम, तुमीच तर म्हनला हुता दादांना, लई जपून ठिवा, पानी लागू देऊ नका, हेच्यावर सगळं हाय.”

म्हणाले होते. दोन हजार चौदा साली, पहिल्याच दिवशी. मी सगळ्यांनाच म्हणते. त्यांनी ऐकलं, एवढाच त्यांचा गुन्हा.

तरी पाठवली. महिन्याने परत आली. सोबत चिठ्ठी, ‘प्लास्टिकचे आवरण असल्याने नोंद घेता येत नाही.’ कुणीतरी शिक्का मारून बघितला होता बिचाऱ्याने. तो बोटाने पुसला गेला होता, निळा डाग तेवढा राहिला होता. सुनीलने घरी एका पानाचं प्लास्टिक सोडवायचा प्रयत्न केला, तर अक्षरंच प्लास्टिकला चिकटून आली. तो पोरगा, पोरगा कसला, चाळीस वर्षांचा बाप्या, माझ्यासमोर रडला.

मग महिनोन्‌महिने फोनाफोनी केल्यावर अभिलेख कार्यालयातून मला सोपा मार्ग सांगण्यात आला. पोलिसांत द्या, पुस्तक हरवलं म्हणून. दाखला जोडा, दुय्यम प्रत मिळेल, तिच्यात नोंद करून देऊ. आणि मंडळी, कबूल करते, मीसुद्धा मेजरना म्हणाले, “लिहून टाका, मेजर. सगळे तेच करतात.”

मेजरनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. म्हणाले, “हे काय हाय मग माझ्या हातात? बाई, अकरा वर्सं खरं लिवून घ्यायला हेलपाटं घातलं. आता शेवटाला मी खोटं लिवून देऊ व्हय?”

सव्वीस वर्षांत मी इतकी कधी ओशाळले नव्हते. त्या दिवशी मी घरी नियमांची प्रत नेली. सावेडीच्या आमच्या गॅलरीत बसून अथपासून इतिपर्यंत वाचली, जी मी खरं तर सव्वीस वर्षांपूर्वी वाचायला हवी होती. त्यात लिहिलं आहे, दुय्यम प्रत पुस्तक ‘हरवल्यास’ मिळते, ‘किंवा खराब झाल्यास’. पुढचे तीन शब्द कुणी वाचतच नाही, कारण हरवल्याचं लिहिणं सगळ्यांना सवयीचं झालंय. खराब झाल्यास खोटं बोलावं लागत नाही. फक्त कार्यालयप्रमुखांनी एक दाखला द्यायचा, की मी हे पुस्तक स्वतः पाहिलं, ते नोंद घेण्याच्या स्थितीत नाही. चार ओळींचा दाखला.

तो मी टाईप करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्याला आज एकोणीस दिवस झाले.

साहेब, आपण माणूस म्हणून चांगले आहात, हे मी माईकशिवायही सांगेन. आपण म्हणालात, असा दाखला पूर्वी कधी दिलेला नाही, वरून मार्गदर्शन मागवू. साहेब, मार्गदर्शन यायला किती दिवस लागतात ते तुम्हांला आणि मला ठाऊक आहे. मेजर सदुसष्ट वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीत त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले. उद्यापासून या फाईलवर माझं टिपण चालणार नाही. माझ्या जागेवर येणारी रेश्मा हुशार आहे, पण तिला ही फाईल समजायलाच सहा महिने जातील, आणि दगडावरची ती ओळ तशीच कोरी राहील.

म्हणून मी आज थोडा आगाऊपणा केला आहे. आपण मघाशी मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, हे चांदीचं निरांजन दिलंत. मी ते आदराने घेतलं. पण या शालीखाली मी एक फाईल धरून बसले होते. यजमान मघापासून विचारत होते, एवढ्या उकाड्यात शाल कशाला पांघरलीस. यात तो दाखला आहे. हे मेजरचं पुस्तक, सोनेरी कव्हरचं. साहेब, बघा, हातात घ्या. पाहिल्याशिवाय सही करा असं मी म्हणत नाही. आणि रेश्माच्या मांडीवर ती लाल वही दिसते आहे ना, ती आपली जावक वही. पाच वाजून पस्तीस झालेत.

मला उगीच माईकसमोर आपली अडचण करायची नव्हती. एकोणीस दिवस मी आपल्या दाराशी फेऱ्या मारल्या, आपण शेवटपर्यंत ऐकून घ्याल अशी वेळ फक्त आजच मिळाली.

साहेब पुस्तक उघडताहेत. तिसरं पान, साहेब. हो, तोच निळा डाग. बोट फिरवून बघा.

मच्छिंद्रभाऊ, आपल्याला एकच विनंती, त्या दगडावरची जागा अजून थोडी राखा. ही सही झाली तरी कागद पुन्हा तिकडे जाणार, तिथे पुन्हा कुणाच्या तरी टेबलावर बसणार. मी मोकळी आहे आता. दर महिन्याला मेजरबरोबर मीही खिडकीच्या बाहेर उभी राहीन. आतून ती खिडकी कशी दिसते ते मला पाठ आहे, बाहेरून काय दिसतं ते बघायचं राहिलंय.

आपण सगळ्यांनी माझ्यावर प्रेम केलंत, माझं चिडणं सोसलंत, माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता संपवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, सभागृहाचे आणि माझ्या यजमानांचेही आभार. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा. त्यासाठी मी अर्जही करते आणि पुरावाही जोडते, फक्त उत्तराला अकरा वर्षं लावू नका.

साहेबांनी पेन काढलं आहे. रेश्मा, वही घेऊन वर ये बाळ. मेजर, आता उभे राहिलात तरी चालेल.

आणि साहेब, सहीखाली तारीख घाला. नाहीतर तारीख नाही म्हणून परत येईल.