पूर्ण नाव सांगा, काका

...आणि पुन्हा तोच प्रश्न. तुम्हाला सांगतो, उभा जन्म मी लोकांना प्रश्न विचारण्यात घालवला, माझ्या प्रश्नांनी साहेब लोकांना घाम फुटलाय, एक इंजिनियर तर मला पाहून मागच्या दाराने पळाला होता, आणि आता अलिबागच्या एका हॉस्पिटलात खाटेवर आडवा पडलोय, पाय उशीवर, अंगात तो मागून बांधायचा झगा, आणि एक कोवळी पोरगी हातात ट्रे घेऊन मला विचारते काय? "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा."

अगं, सकाळीच सांगितलं ना?

"ते सकाळच्या गोळीचं झालं, काका. हे इंजेक्शन आहे."

म्हणजे गोळीला वेगळं, इंजेक्शनला वेगळं, रक्त काढायला आणखी वेगळं. मी काय दर दोन तासांनी बदलतो का?

आता मी इथे कसा, ते ऐका. रेवदंड्याला नव्या धक्क्याला तडे गेले, फोटो काढायला मी खाडीत उतरलो, आणि कालवाचं शिंपलं तळपायात घुसलं. मला साखर. पायाला कळलंच नाही. बातमी छापून आली आणि त्याच दिवशी पाय सुजून भोपळा. तडे धक्क्याला, ॲडमिट मी. धक्का अजून तसाच आहे, ते जाऊ दे.

तर या हॉस्पिटलाला जोडून नर्सिंगचं कॉलेज आहे. त्यामुळे वॉर्डात पेशंट कमी आणि पोरी जास्त. एक ताप बघते, दुसरी तोच ताप पुन्हा बघते, तिसरी दोघींनी नीट बघितला का ते बघते. माझ्या वाट्याला आली ती प्राप्ती. प्राप्ती घरत, पेणच्या पलीकडे भातशेतीवाल्या घरातली, तिसऱ्या वर्षाला. अंगाने काटकुळी, आवाज असा की शेजारच्या खाटेवर जाईपर्यंत विरून जावा. पण नाव विचारण्याच्या बाबतीत? फौजदार बरा. पाच गोष्टी बरोबर पाहिजेत म्हणे, आणि त्यातली पहिली काय? बरोबर पेशंट. खाटेचा नंबर चालत नाही, चेहरा ओळखीचा असून चालत नाही, "तुम्ही म्हात्रे ना?" असं विचारूनही चालत नाही, कारण पेशंट कशालाही हो म्हणतो. पेशंटने स्वतःच्या तोंडाने पूर्ण नाव सांगायचं आणि तिने ते मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं.

तुम्ही म्हणाल, मग सांगा की. नाव सांगायला काय जातं?

तिथेच तर दुखणं आहे. किहीमपासून काशीदपर्यंत कुठल्याही टपरीवर विचारा, रणजित म्हात्रे कोण? चहा ओतता ओतता सांगतील. पण हे नाव मी स्वतःला ठेवलेलं. आधार कार्डावर वेगळंच आहे. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने मला जन्मल्याबरोबर सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवलं, यमाला वाटावं टाकाऊ माल आहे, आणि नावही ठेवलं ते त्या जागेला शोभेल असं. यम फसला. मीही अडकलो. गॅझेटात बदलून घेणार होतो, पण दुसऱ्यांची कामं सरकारात का रखडतात यावर लिहिण्यात माझं राहून गेलं. आणि मुलाने ॲडमिट करताना आधार कार्ड दिलं. पट्टीवर तेच आलं.

मग मी आणि प्राप्तीने तोड काढली. ती खाली वाकायची, हळूच विचारायची, मी तिच्या कानात सांगायचो, ती पट्टी बघायची. शेजारच्या खाटेवरचा बुधाजी, मिठागरात आयुष्य काढलेला म्हातारा, त्याला वाटायचं आमचं काहीतरी गुपित चाललंय. "काय रं, पोरीच्या कानात काय सांगतस?" म्हटलं, मीठ आळणी झालंय ते सांगतोय, झोप तू.

चाललं होतं बरं. आणि मग आली परीक्षा.

वॉर्डाच्या नूतन सिस्टर आदल्या दिवशी येऊन म्हणाल्या, "म्हात्रे, उद्या प्राप्तीची प्रॅक्टिकल तुमच्यावर आहे. बाहेरून परीक्षक मॅडम येणार. भांडायचं नाही." मी भांडतो का? पण त्या गेल्यावर प्राप्ती तिथेच उभी, बोटांत ओढणी पिळत. "काका, मागच्या वेळी मी ह्याच्यावरच नापास झाले. मी विचारलं, तुम्ही शिवदास ना? ते हो म्हणाले. ते गुणाजी होते. मॅडमनी सुई टोचायच्या आधीच हात धरला." मैत्रिणी पुढे गेल्या, ही मागे राहिली. आता पुन्हा गेली तर वडील म्हणणार, झालं शिक्षण, बस घरी. स्थळ बघून ठेवलेलंच होतं. "उद्या कानात नाही चालणार, काका. मोठ्याने सांगाल ना?"

मी म्हटलं, बघू.

दुसऱ्या दिवशी परीक्षक मॅडम आल्या. कडक इस्त्रीची साडी, चष्मा, आणि चेहरा असा की आमच्या सगळ्या पत्रकार परिषदांत मला कोणी इतकं गप्प केलं नव्हतं. मागे भिंतीला लागून सात-आठ पोरी. आणि नेमका त्याच वेळी, तुम्हाला सांगतो, नेमका त्याच वेळी कोण यावा? आमच्या पेपरातला परेश. हातात शहाळं, गळ्यात कॅमेरा. "सर, कसे आहात?" आणि ठाण मांडून स्टुलावर. याला मीच तयार केलेला. याच्यासमोर मी ते नाव सांगू?

प्राप्तीने हात धुतले. पडदा अर्धा ओढला. बाटली तपासली, इन्सुलिन भरलं, हवेचा बुडबुडा काढला. सगळं नीट. आणि मग ती सरळ उभी राहिली, आणि कधी नव्हे तो आवाज काढला.

"काका, तुमचं पूर्ण नाव सांगा."

मी म्हणालो, "रणजित म्हात्रे."

तिने पट्टी बघितली. माझ्याकडे बघितलं. चार दिवस जिने माझी जखम धुतली, माझ्या सुनेची तक्रार ऐकली, ती पोरगी म्हणते, "हे नाव पट्टीवर नाही. मी इंजेक्शन देऊ शकत नाही."

मी मनगट पुढे केलं. "हे घे, वाच की."

परीक्षक मॅडम म्हणाल्या, "पेशंटने स्वतः सांगायचं."

"अहो बाई, अख्खा जिल्हा मला ओळखतो."

"जिल्ह्याला इन्सुलिन द्यायचं नाहीये."

परेश हसला. मी बघून ठेवलं.

बाहेर जेवणाच्या गाडीची चाकं वाजली. इन्सुलिन जेवणाआधी, गाडी दोन खाटांवर आलेली, मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं. प्राप्तीने पुन्हा विचारलं, अगदी तेच, तेवढ्याच आवाजात. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा." डोळे भरले होते, पण सुई हलली नाही. तिला नाव पाठ होतं. चार दिवस कानात ऐकत होती. नुसतं "तुम्ही तेच ना" म्हणाली असती तर मी हो म्हणालो असतो. म्हणाली नाही.

बुधाजी उठून बसला. "सांग ना रं बाबा, नावच तं हाय. मना इचारतील तं मी दोनदा सांगीन."

गाडी एका खाटेवर आली. वरणाचा वास आला. मी डोळे मिटले, आणि ज्या आवाजात कलेक्टर कचेरीबाहेर घोषणा दिल्या त्याच आवाजात सांगून टाकलं.

"केरू अंबाजी म्हात्रे."

प्राप्तीने पट्टीशी ताडून बघितलं. मग टुच करून पोटात सुई, मग मॅडमचं पेन चाललं, आणि जाता जाता त्या प्राप्तीला एवढंच म्हणाल्या, "दोनदा थांबलीस. बरं केलंस." पास. पोरी पॅसेजमध्ये पोचल्यावर कल्ला झाला, तो मी इथे पडून ऐकला. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी प्राप्ती आली. मला वाटलं पेढा असेल. साखर आहे ना, पेढा कुठला? गोळी होती. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा." मी तोंड उघडायच्या आत बुधाजीसकट अख्ख्या वॉर्डाने सांगितलं. तरी ती थांबली. पेशंटने स्वतः सांगायचं.

सांगितलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला. आमचाच पेपर. तिसऱ्या पानावर, चौकटीत, शहाळ्यासकट फोटो: ज्येष्ठ पत्रकार केरू अंबाजी म्हात्रे यांची प्रकृती स्थिर.

परेशला फोन लावला. काय म्हणाला माहितीय? "सर, तुम्हीच सांगता ना, माणसाच्या तोंडून पूर्ण नाव ऐकल्याशिवाय छापायचं नाही."

सांगतो हो. हा आला त्या दिवसापासून मी कानीकपाळी ओरडतोय. सरपंचांची, आमदारांची, मेलेल्या माणसांचीसुद्धा नावं चुकवली याने आजवर. पहिल्यांदा बरोबर छापलं, ते माझं.