कॅसेटच्या कव्हरवरचं नाव

हॅलो?... कोण, एलिना? बोल बाय... हो, आजोबाच. तुझी रिटा आत्या बाजारात गेलीय... कॅसेट कधीची? अगं, तुझा बाप्तिस्मा झाला त्या साली. म्हणजे एक्क्याण्णव. अंगणातला मांडव अजून उतरवला नव्हता नि आम्ही वाद्यं घेऊन दादरला गेलो... हो, ‘केळीचा मांडव’च. एकच तर निघाली आमच्या बावखल बँडची.

पण तुला आता कशाला?... इंटरनेटवर? ज्ञानकोशात?... कुणीही लिहितं? आणि कुणीही खोडतं? बाप रे! चर्चच्या नोंदवहीत असं चाललं असतं, तर निम्म्या गावाचे बाप बदलले असते... हसू नको, वाच पुढे.

हं... क्लॅरिनेट ॲन्सेल्म, बरोबर. ढोल सॅमी, बरोबर... काय? परत वाच... ‘सहाही गाण्यांचे कवी ॲन्सेल्म’?... काढ ते.

नाही, लाजत नाही. म्हणजे लाजतोय, पण तू समजतेस तसं नाही... अगं ऐक ना. कव्हरवर आहे, ठाऊक आहे मला. ते माझ्यामुळेच छापलंय.

हो, हो... सांगतो. रेकॉर्डिंग संपलं नि तिथल्या माणसाने कागद पुढे केला. सहा गाणी, प्रत्येकापुढे रिकामी जागा. म्हणाला, कवीचं नाव भरा, पटपट. मला तेव्हा फक्त माझं नाव लिहिता यायचं. सहीपुरतं शिकलेलो... अगं, लिहिता येत नाही असं म्हणायचं कसं? कोट घालून उभा होतो, बँडचा मास्तर! सहा जागा, सहा वेळा ॲन्सेल्म.

गाणी? जुलियानाची. विहिरीपलीकडची गं, तुला चिंचा द्यायची ती... हो, तीच. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका गायला बसल्या, की तिथल्या तिथे रचायची. नवरीच्या आत्याला असे चिमटे काढायची, की आत्याच आधी हसायची. आम्ही नुसतं वाजवलं... कॅसेटवर आवाजही तिचाच. मी कागद भरला तेव्हा बाहेर चहा पीत होती. चौथी शिकलेली. एक हाक मारली असती तरी झालं असतं.

काय म्हणाली?... रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर तिने कव्हर वाचलं. घडी घालून माझ्या हातात दिलं. म्हणाली, “चांगलं आलंय तुझं नाव.” बस, एवढंच. पुढे कुठल्याच मांडवात गायली नाही. घसा बसलाय म्हणायची नि लसूण सोलत बसायची. दहा वर्षं कुणाचा घसा बसतो, सांग?

...नाही गं. नाही मागितली माफी. सिस्टर सेलिनकडे बाराखडी शिकलो, त्यानंतर पाच वर्षं होती ती. रोज समोर दिसायची. चार ओळींची चिठ्ठी नाही लिहिली मी.

मग बदल ना... का नाही? छापील पुरावा?... मी, ॲन्सेल्म, स्वतः सांगतोय तरी नाही? आणि ते खोटं छापलंय म्हणून खरं?

थांब. आपल्या चर्चच्या, धर्मग्रामाच्या मासिकात छापून आलं तर चालेल?... मग पत्र पाठवतो फादरना... नको, तू नको लिहूस. माझं मीच... बोलू देत गावाला.

थांब हं, पेन घेतो... ‘केळीचा मांडव या कॅसेटमधली सहाही गाणी... जुलियाना इनास तुस्कानो यांनी रचली. मी... रचली नाहीत.’... रडत नाही, चष्मा पुसतोय... नाही, अजून एक वाक्य हवं. नाहीतर लोक म्हणतील, तिलाच जाऊन का सांगत नाही... ‘जुलियाना यांचे ११ मार्च २००२ रोजी निधन झाले.’

...झालं. ठेवतो.