सातव्यांदा ऐकवलं तेव्हा

फिनलंडमधल्या कुओपिओच्या बसथांब्यावर टँगो वाजवणाऱ्या एका बँडमधले दोघं तिथल्या रीतीप्रमाणे चार हात अंतर ठेवून उभे होते. मधे बसची वाट बघणारी हिल्क्का नावाची एक बाई होती, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं तिच्या कानांवरूनच जात होतं.

“टाउनो, आपलं पहिलंवहिलं रेकॉर्डिंग ऐकलंस?”

“ऐकलं. माझं अकॉर्डियन कुठाय त्यात?”

“मिक्सिंगमध्ये गेलं.”

“असं कसं गेलं, एइनारी?”

“मिक्सिंग करणारा पडला इटलीतल्या नेपल्सचा. तो गाणं ऐकवून विचारायचा, ‘कसं वाटलं?’ आणि आपण चौघं गप्प.”

“चांगलं होतं म्हणूनच गप्प होतो ना!”

“त्याला वाटलं, आवडलं नाही. दर वेळी बिचारा काहीतरी कमी करत गेला. सातव्यांदा ऐकवलं तेव्हा अकॉर्डियन नव्हतं.”

“तेव्हा तरी तोंड उघडायचंस!”

“तूच गप्प होतास. म्हटलं, तुला चालतंय.”

“मला वाटलं, तुम्हा तिघांना मी नकोय. काल बहिणीला देऊन टाकलं.”

“काय?”

“अकॉर्डियन.”

बस आली, दार उघडलं. कोणीच चढलं नाही, हिल्क्कासुद्धा. बस निघून गेली.

“टाउनो, बावीस वर्षांत तुझ्या वाजवण्याबद्दल मी कधी एक शब्द तरी बोललोय?”

“नाही.”

“मग? माणसानं आणखी किती कौतुक करायचं?”

टाउनोनं रस्त्यापलीकडे पाहिलं.

“बहिणीकडे जायची बस,” तो म्हणाला, “पलीकडच्या थांब्यावरून मिळते.”