समासातली पेन्सिल

आता मला नक्की आठवतंय असं मी म्हणणार नाही हं... माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, मीही विसंबत नाही. पण ते पुस्तक काचेच्या पेटीत पाहिलं आणि तुम्हाला सांगतो, काचेला नाक लावून उभा राहिलो! दीडशे वर्षांचं ग्रंथालय, त्याचं वारसा-प्रदर्शन, अर्ध्या गावाची गर्दी, आणि मधोमध मखमलीवर उघडं ठेवलेलं ते प्रवासवर्णन. शेजारी पाटी : ‘अज्ञात विद्वानाची समासटिपणे.’ विद्वान कसला? अक्षर माझं होतं हो, कॉलेजच्या दिवसांतलं माझं! पुस्तकही तेव्हापासून पाठ. पुस्तकात पेन्सिल लावली तर सभासदत्व रद्द, असा नियम. आणि मी तिथे पुढे पंचवीस वर्षं वाचन-समितीवर बसून इतरांची सभासदत्वं रद्द केलेली!

समासात काय लिहिलेलं? ‘एवढी घाई कशाला?’ बस्स. पानोपानी. लेखक बोटीतून उतरला, घाई कशाला? डोंगर चढला, घाई कशाला? आणि एक प्राध्यापक काठीने काचेवर टकटक करत सांगतायत, “मित्रहो, हा प्रश्न नव्हे, ही एक तात्त्विक भूमिका आहे!” तुम्हीच सांगा, चोराने ऐकावं तरी किती?

बायकोला कोपऱ्यात नेलं. “अगं, ही टिपणं माझी आहेत. आत्ताच्या आत्ता कबूल करतो.”

ती पेटीकडे बघत म्हणाली, “एवढी घाई कशाला?”

“चेष्टा सुचतेय तुला? अक्षर बघ ना!”

“बघतेय की. एका मास्तरांनी आपल्या अख्ख्या वर्गाला एकाच वळणाचं अक्षर गिरवायला लावलं. माझं तरी काय वेगळं आहे?”

हे ती म्हणाली होती. नक्की म्हणाली होती का? ...माझ्या आठवणीवर विसंबू नका. पण मी ऐकतोय कुठला! तडक ग्रंथपालबाईंकडे. “बाई, गुन्हेगार मी आहे.” त्या गोड हसल्या. “सर, तुम्ही आजचे चौथे. बसा, पाणी घ्या.” चौथे! म्हणजे गुन्ह्यालासुद्धा रांग!

मी हट्टालाच पेटलो. त्यांनी कागद दिला, “लिहून दाखवा.” आता ह्या वयात हात असा थरथरतो... ‘घाई’तला घ काढेपर्यंत पेन्सिलीचं टोक मोडलं. प्राध्यापक महाशयांनी चष्मा वर करून निकाल दिला, “छे! मूळ अक्षरात केवढा ठामपणा आहे. तुमच्यात... माफ करा हं.” पीएचडी झालेला माणूस मी, स्वतःच्याच अक्षरात नापास! बायको घरी पोचेपर्यंत तोंडाला रुमाल लावून हसत होती. मी रुसलो. चार दिवस बोललो नाही. चार दिवस हो! तेव्हा दिवस भरपूर शिल्लक आहेत असं वाटायचं.

पुढे सात वर्षांनी, ती जाऊन दुसरं वर्ष चालू होतं, ग्रंथालयात कुठलं पुस्तक कोणी नेलं याची जुनी कार्डं निकालात काढत होते. त्या पुस्तकाचं कार्ड मी मागून घेतलं. म्हटलं, निदान आपला गुन्हा तरी आपल्या नावावर असावा. चार-चारदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. माझं नाव नाहीच! मग ते पुस्तक मला एवढं पाठ कसं? तर लग्नाच्या आधी रोज कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून ती मला त्यातला प्रवास सांगायची, आणि मी मध्येच विचारायचो, “पुढे काय? पुढे काय?”

उठलो, ग्रंथपालबाईंना सांगायला दारापर्यंत गेलो... आणि परत येऊन खुर्चीत बसलो. एवढी घाई कशाला? आता माझ्या आठवणीवर विसंबायची गरज नाही, कार्ड समोर आहे : पुस्तक जन्मात एकदाच बाहेर गेलं, एकाच नावावर. तिच्या. माहेरच्या. आणि परत केलं तेही तीन महिने उशिरा.