घेतलंत ना?

लंडनमधल्या हॅरोच्या बसस्टॉपवर माझ्या मागे सत्तरीतलं एक मराठी जोडपं उभं होतं. आजोबांना बसपर्यंत सोडायला आजी आल्या होत्या.

"अहो, पुन्हा कमरेला हात गेला तुमचा."

"सवय आहे. पस्तीस वर्षं सराफ्यात जाताना तिथे रिव्हॉल्व्हर असायचं."

"इथे साध्या पोलिसाकडेसुद्धा नसतं."

"ठाऊक आहे. नागपूरला डीलरकडे ठेवून, पावती घेऊनच निघालो ना? सकाळी फोन केला त्याला. म्हटलं, उद्या दसरा, जरा तेलाचा हात फिरव आणि झेंडूचं एक फूल वाहा. हसला लेकाचा. म्हणतो, काका, आता विकून टाका."

"विकायचं नाही हं! मी निवडलंय ते. तुम्ही केवढं धूड घेणार होतात, सदऱ्याखालून दिसलं असतं."

"सराव सोडला तर एकदाही चालवलं नाही."

"कशाला चालवायला हवं? रोज दारात मी विचारायची, 'घेतलंत ना?' तुम्ही कमरेला हात लावून 'हो' म्हणायचात. मग मी निवांत."

"इथे विचारत नाहीस कधी."

"इथे काय विचारू? लायब्ररीत तर जाता."

"तरी विचारत जा."

बस आली. मी चढले. मागून आवाज आला,

"अहो, घेतलंत ना?"

"हो."

आजोबांच्या एका हातात पास होता. दुसरा कमरेवर होता.