पायी जाणाऱ्याला टोल न्हाई

कराडच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी अजून लागायची होती. बांधकाम खात्यातला ओव्हरसियर आदगोंडा नव्या रुंद रस्त्याचे आणि त्यावरच्या नदीच्या पुलाचे नकाशे मांडीवर घेऊन बसला होता. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बोलत होतं. बोलणं त्याच्याच रस्त्याचं निघालं, तसे त्याचे कान तिकडं लागले.

"सरकारकडं पैका न्हाई म्हनून पूल टोलावर बांधनार. रस्त्याला रान आपलं, आन टोल बी आपुनच द्यायचा? हरकतीचा अर्ज देऊनच येतो बघ."

"आवं, टोल मोटारीला हाय. पायी जाणाऱ्याला न्हाई."

"तुला कुणी सांगितलं?"

"साताऱ्याच्या हापिसात इचारलं."

"तू कवा गेलतीस साताऱ्याला?"

"गेल्या सोमवारी. तुमास्नी बाजाराला जाते म्हनलं."

"एकटी?"

"व्हय. सायबाला म्हनलं, नदीपल्याड माझी लेक दिलीया. पावसाळ्यात होडी बंद झाली की चार म्हैने तिचं तोंड दिसत न्हाई. टोल किती त्यो सांगा, अंडी इकून भरीन."



"मग मला का न्हाई बोललीस?"

"रान तुमच्या बाचं. देऊन टाका, असं मी कोनच्या तोंडानं म्हनू?"

गाडी लागली. आदगोंडा नकाशे सावरत उठला. म्हातारा मात्र जागचा हलला नाही.

"आवं, चढायचं न्हवं?"

"साताऱ्याला काय काम हाय आता? चल, होडी चालू हाय तवर लेकीकडं जाऊ. पूल कुठं येनार, त्ये तिला दावतो."